ग्रिप बदलायची तर आधी मूठ सोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात-आठ महिने झाले बॅडमिंटन खेळतोय, आठवड्यातून चार दिवस, दम चांगला आहे, पण स्मॅश मारला की समोरचा आरामात उचलतो, मागच्या कोपऱ्यातून बॅकहँड मारला की फूल, म्हणजे शटल, अर्ध्या कोर्टातच पडतं आणि तासभर खेळून झालं की मनगट आणि कोपराची बाहेरची बाजू ठणकायला लागते. सोबतचा एक म्हणतो तुझी ग्रिपच चुकलीय, दुसरा म्हणतो ग्रिपबिप काही नसतं, मनगट मार. व्हिडिओत कुणी शेकहँड सांगतं तर कुणी अंगठा सरळ ठेवायला सांगतं. मग खरं काय, आणि एवढ्या महिन्यांनी बदलली तर हात बसेल का?

हात बसेल. सात-आठ महिने म्हणजे काहीच नाही, मी स्वतः जवळजवळ नऊ वर्षं चुकीच्या ग्रिपने खेळलोय आणि त्यानंतर बदललीय, त्यामुळे उशिराचं टेन्शन सोडून द्या. तुमच्या तिन्ही तक्रारी, म्हणजे स्मॅशला जोर नाही, बॅकहँड पोचत नाही आणि कोपर दुखतंय, मला वेगवेगळ्या वाटतच नाहीत. हात न बघताही मी म्हणेन की तुम्ही रॅकेट तव्यासारखी धरताय आणि वर ती आवळून धरताय. माझा अंदाज चुकला तर चांगलंच आहे, पण आधी ही एक तपासणी करून बघा.

रॅकेट हातात घ्या, रोज खेळताना घेता तशीच, मुद्दाम नीट धरायला जाऊ नका. आता समोर एक लाकूड उभं आहे आणि ते कुऱ्हाडीने फोडायचंय असं समजून हात सावकाश वरून खाली आणा. खाली येताना रॅकेटची कुठली बाजू पुढे आहे ते बघायचं. फ्रेमची कड पुढे असेल, अगदी कुऱ्हाडीच्या पात्यासारखी, तर तुमची ग्रिप बेसिक ग्रिपच्या, म्हणजे त्या शेकहँडच्याच, जवळपास आहे. गटिंगची, म्हणजे तारांच्या जाळीची, सपाट बाजू पुढे असेल, माशी मारायच्या जाळीसारखी धपकन खाली येत असेल, तर ती पॅनहँडल ग्रिप, तव्याचा दांडा धरल्यासारखी. नवीन शिकायला येणाऱ्या बहुतेकांची हीच असते, आणि गंमत म्हणजे ज्यांना कुणीच काही शिकवलेलं नसतं त्यांची तर हमखास हीच.

ती हाताला आपोआप का येते हे एकदा कळलं की स्वतःचा राग येत नाही. फूल समोरून येतंय, गटिंग त्याच्याकडे तोंड करून उभं आहे, मग लागणारच. पहिल्या दिवशी लागतं, दुसऱ्या दिवशी रॅली होते, माणूस खूश. शेकहँडवाल्याची पहिल्या दिवशी निम्मी फुलं फ्रेमला लागतात आणि उरलेली कुठेतरी तिरकी जातात. म्हणजे चुकीची ग्रिप सुरुवातीला बरोबर निकाल देते आणि बरोबर ग्रिप सुरुवातीला चुकीचा, म्हणून तर हा घोळ इतका पक्का बसतो. अडचण कधी कळते, तर फूल डोक्यावरून मागे जायला लागतं तेव्हा, किंवा समोरचा जरा बरा खेळणारा मिळतो तेव्हा.

आता जोर कुठून येतो ते बघू, कारण ते कळल्याशिवाय ग्रिपचं काहीच पटत नाही. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपर ते मनगट हा भाग धरा आणि उजवा तळहात वर-खाली, वर-खाली असा पालथा-उताणा करा. आतलं काहीतरी फिरताना जाणवेल. या भागात दोन हाडं असतात, रेडियस आणि अल्ना, आणि तळहात पालथा होतो तेव्हा एक हाड दुसऱ्यावरून वळून जातं. बॅडमिंटनमधला बराचसा फटका या फिरण्यातून येतो. लोक ज्याला 'मनगट मारणं' म्हणतात ते बहुतेक वेळा मनगट नसतंच, कोपराखालचा हात फिरत असतो आणि बघणाऱ्याला मनगट हलल्यासारखं दिसतं. म्हणून तुमच्या दुसऱ्या मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, फक्त ते ऐकून तुम्ही मनगट पुढे-मागे दुमडायला लागता आणि मग ते दुखतं.

अजून एक छोटा प्रयोग, हा मी प्रत्येकाला करायला लावतो. हात समोर सरळ ताठ करा आणि रॅकेटही हाताच्या सरळ रेषेत ठेवा, जणू हाताचीच लांबी वाढलीय. आता हात पालथा-उताणा करा. रॅकेटचं डोकं जागच्या जागी गिरकी घेतं, पुढे कुठेच जात नाही. मग मनगट थोडं वर घेऊन रॅकेट आणि हात यात कोन येऊ द्या आणि पुन्हा तसंच फिरवा. डोकं केवढी मोठी कमान कापतंय बघा! फिरणं तेवढंच, मेहनत तेवढीच, पण एकीकडे वेग शून्य आणि दुसरीकडे सप्पकन आवाज. बेसिक ग्रिपमध्ये रॅकेटची मूठ बोटांतून तिरकी जाते म्हणून हा कोन आपोआप येतो. पॅनहँडलमध्ये मात्र हात फिरवला की गटिंगचं तोंड समोरून भलतीकडेच वळतं, म्हणून तुमचं शरीर शहाणपणा करून हात फिरवायचंच बंद करतं आणि नुसता हातोडा मारल्यासारखा मारतं. जोराचा मुख्य नळच बंद. मग तो जोर खांद्यातून आणि आवळलेल्या मुठीतून काढायचा प्रयत्न होतो, आणि तिथून तुमचं कोपर सुरू होतं.

बरं, आता धरायची कशी. रॅकेटची मूठ गोल नसते, तिला आठ बाजू असतात. टेप गुंडाळल्यामुळे दिसत नाहीत पण बोट फिरवलं की लागतात. दोन रुंद पट्ट्या गटिंगच्या दिशेने, म्हणजे गटिंगला समांतर, दोन अरुंद पट्ट्या फ्रेमच्या कडेच्या रेषेत, आणि या चारांच्या मध्ये चार तिरक्या. हे एकदा डोळे मिटून बोटाने मोजून घ्या, पुढचं सगळं यावरच आहे.

डाव्या हाताने रॅकेट दांडीला धरा, फ्रेमची एक कड जमिनीकडे आणि एक छताकडे, म्हणजे गटिंग भिंतीसारखं उभं. उजवा हात पुढे करून मुठीशी हस्तांदोलन करा. शेकहँड म्हणतात ते हेच. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी जी खाच होते, तिचं टोक वरच्या अरुंद पट्टीवर किंवा तिच्या डाव्या कडेला आलं पाहिजे. डावखुरे असाल तर हे सगळं आरशातल्यासारखं उलटं, खाच उजव्या कडेला. खाच उजवीकडे सरकत सरकत रुंद पट्टीवर गेली की झाली पॅनहँडल, आणि डावीकडे सरकली की तुम्ही बॅकहँडकडे निघालात.

इथपर्यंत सगळे सांगतात, पण बोटांचं कुणी सांगत नाही. पहिलं बोट बाकीच्या तिघांना चिकटून ठेवू नका, जरा वर, सुटं, बंदुकीच्या चापावर असतं तसं. अंगठा त्याच्या समोर डाव्या रुंद पट्टीवर तिरका टेकलेला, त्याचं टोक पहिल्या आणि मधल्या बोटाच्या मध्ये कुठेतरी. करंगळी मुठीच्या खालच्या फुगीर भागाच्या जवळ. पाचही बोटं एकमेकांना चिकटून गोळा झाली की ती काठी धरणं झालं, रॅकेट धरणं नाही. आणि मूठ तळहाताच्या मध्यात खोल दाबून बसवायची नाही, ती बोटांत राहिली पाहिजे. तळहात आणि मूठ यात एक पेन्सिल सरकेल एवढी पोकळी हवी.

या पोकळीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण माझ्या मते खाच कुठे आली यापेक्षाही हे महत्त्वाचं आहे. खाच अगदी मापात बसवलेली आणि मूठ आवळलेली, असा खेळाडू मला रोज दिसतो आणि त्याचा फटका पॅनहँडलवाल्यापेक्षा फारसा वेगळा नसतो. कारण आवळलेली मूठ हाताच्या सगळ्या स्नायूंना लॉक करते. आत्ताच करून बघा, रिकामी मूठ जीव खाऊन आवळा आणि मग हात पालथा-उताणा करा, कसा अडखळत फिरतो. आता सैल सोडून फिरवा. फरक लगेच कळतो. नियमाप्रमाणे फुलाचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅमच्या मध्ये असतं आणि आपण वापरतो त्या रॅकेट साधारण ८० ते ९० ग्रॅमच्या, यात एवढं घट्ट धरण्यासारखं आहे काय? वेगाचं म्हणाल तर आपल्या भारताच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीचा ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश २०२३ मध्ये मोजला गेला, गिनेसमध्ये त्याची नोंद आहे. तो भरदार खेळाडू आहे हे मान्य, पण नुसत्या मुठीच्या ताकदीवर कुणी तिथे पोचत नाही.

म्हणजे पूर्ण सैल? नाही. सैल हात आणि लागायच्या क्षणी पटकन बोटं मिटणं, आणि लागून गेलं की परत सैल. दहापैकी तीन एवढा जोर एरवी, आणि फूल गटिंगला टेकतं त्या क्षणी आठ-नऊ, झालं, लगेच पुन्हा तीन. हे बोटं मिटणं खालच्या तीन बोटांनी जास्त होतं, अंगठा आणि पहिलं बोट दिशा सांभाळतात. पूर्ण वेळ आठवर ठेवलं तर मिटायला काही शिल्लकच राहत नाही, आधीच मिटलेल्या बोटांनी अजून काय मिटणार. स्मॅश मारताना दात-ओठ खाऊन मारणाऱ्यांचा स्मॅश हळू का जातो याचं उत्तर हेच.

माझं सांगतो. मी लहानपणी मोठ्या पोरांचं बघून शिकलो, तव्यासारखीच ग्रिप, आणि नेटजवळ मी बरा होतो, त्यामुळे डबल्समध्ये मला सगळे पुढे उभं करायचे आणि मलाही वाटायचं आपण पुढचे स्पेशालिस्ट. मागे फूल गेलं की पार्टनर घेणार हे ठरलेलं. एकदा सिंगल्स खेळायची वेळ आली आणि समोरच्याने पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं, पुढचा सगळा वेळ माझ्या मागच्या दोन कोपऱ्यांत फूल टाकत राहिला. मी हरलो त्याचं काही नाही, पण सामन्यानंतर तो माझ्याजवळ आला, माझा हात धरून मूठ एवढीशी, म्हणजे पाव इंचही नसेल, फिरवली आणि म्हणाला आता क्लिअर मार, म्हणजे उंच, थेट मागच्या रेषेपर्यंत. पहिलं फूल फ्रेमला लागलं. दुसरं पण. तिसरं लागलं आणि ते मागच्या रेषेच्या बाहेर जाऊन पडलं, मी नेहमीएवढाच जोर लावला होता. त्यानंतर दोन महिने मी सगळ्यांकडून हरलो, माझ्यापेक्षा नवीन पोरांकडूनही. ते दोन महिने फार वाईट गेले, खोटं सांगत नाही.

आता बॅकहँड. तुम्ही म्हणता व्हिडिओत अंगठा सरळ ठेवायला सांगतात, बरोबर सांगतात, पण तो सगळ्या बॅकहँडला नाही. बेसिक ग्रिपवरून मूठ बोटांत थोडी फिरवा म्हणजे खाच जराशी डावीकडे येईल आणि अंगठ्याचं पोट डाव्या रुंद पट्टीवर सपाट टेकेल, अंगठा दांडीच्या दिशेने वर. ही थंब ग्रिप. फूल तुमच्या पुढे असताना, म्हणजे नेटजवळचे बॅकहँड, बॅकहँड सर्व्हिस, अंगावर आलेल्या स्मॅशचा डिफेन्स, पुढे घेतलेले ड्राईव्ह, म्हणजे नेटवरून सपाट वेगात जाणारे फटके, या सगळ्याला ही. अंगठा मागून ढकलतो, चावी फिरवताना देतो तसा झटका. यात दोन चुका सर्रास होतात. एक, अंगठा काडीसारखा ताठ आणि दाबून धरलेला, त्याने परत हात लॉक. अंगठ्याचं पेर किंचित वाकलेलं असू द्या, मुठीच्या आणि तुमच्या हाताच्या मध्ये हवा असू द्या, दाबायचं फक्त लागताना. दुसरी चूक म्हणजे हीच ग्रिप घेऊन मागच्या कोपऱ्यातला उंच बॅकहँड मारायला जाणं.

तुमचं फूल अर्ध्या कोर्टात पडतं ते बहुधा या दुसऱ्या चुकीमुळे. करून बघा, अंगठा सपाट ठेवून नेटकडे पाठ करा आणि हात वर नेऊन फूल शरीराच्या थोडं मागे लागतंय असं समजा. गटिंग नेटकडे वळायलाच तयार नाही, मनगट अडतं, बरोबर? आता अंगठा रुंद पट्टीवरून काढून शेजारच्या तिरक्या पट्टीवर आणा, सगळी मूठ आपोआप बेसिक ग्रिपच्या जवळ येईल. लगेच गटिंग मोकळं वळतं. फूल जेवढं मागे पडलेलं, तेवढं अंगठ्याने रुंद पट्टी सोडून बेसिककडे परत यायचं, असा साधा हिशोब आहे. काही जण याला बेव्हल ग्रिप म्हणतात, नावाचं काही नाही, बोटाला कळलं म्हणजे झालं. तौफिक हिदायत, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, त्याच्या बॅकहँडची जगभर चर्चा असायची, जुने सामने मिळाले तर फक्त त्याचा हात बघत बसा. एक सावधगिरी, व्हिडिओ मध्येच थांबवून ग्रिप शिकायला जाऊ नका, थांबवलेल्या चित्रात हात बहुतेक वेळा एका ग्रिपवरून दुसरीकडे निघालेला असतो आणि आपण तीच खरी समजून घोकत बसतो.

खरं सांगायचं तर 'ग्रिप बदलणं' हा शब्दच मला थोडा खटकतो. ऐकणाऱ्याला वाटतं चार वेगळ्या ग्रिप आहेत आणि गाडीच्या गिअरसारख्या टाकायच्या. तसं नसतं. बेसिक ग्रिप हे घर आहे, फटका झाला की हात तिथे परत येतो, बाकीच्या घराच्या आजूबाजूला दोन-चार मिलिमीटरवर आहेत. बोटं सैल असतील तर फूल येता येता मूठ स्वतःच एवढीशी फिरते, मुद्दाम काही करावं लागत नाही. बोटं आवळलेली असतील तर कुठलीच ग्रिप वेळेवर मिळत नाही, मग माहिती कितीही असो.

आणि पॅनहँडलला शिव्या घातल्यात तर तिची बाजूही सांगतो. नेटवर उभे आहात, फूल नेटच्या वर तुमच्या पुढ्यात आलंय, मोठा हात फिरवायला जागा नाही, रॅकेट नेटला लागली तर पॉइंट गेला. तिथे तवाच बरोबर. छोटासा टप्प आणि फूल खाली. डबल्समधले चांगले पुढचे खेळाडू तिथे मूठ सरळ त्या बाजूला फिरवतात. चूक ती ग्रिप वापरण्यात नाही, सगळीकडे तीच वापरण्यात आहे. मी नेटजवळ बरा का होतो, ते आता कळलं असेल.

सरावाचं म्हणाल तर पहिले दहा-पंधरा दिवस कोर्टवर काही करूच नका, घरी करा. बसल्या बसल्या रॅकेट हातात घ्या आणि फक्त बोटांनी मूठ फिरवा, पोरं वर्गात पेन फिरवतात तशी, डावा हात न लावता. फिरवायची, थांबायचं, बघायच्या आत फक्त स्पर्शावरून ओळखायचं की अंगठा कुठल्या पट्टीवर आहे, मग बघायचं. सुरुवातीला रॅकेट हातातून पडेल, पडू द्या, खाली सतरंजी टाका. हे रोज पाच मिनिटं. कंटाळवाणं आहे पण माझ्याकडच्या ज्या ज्या मुलांनी हे केलं त्यांची ग्रिप बसली आणि ज्यांनी फक्त कोर्टवर लक्ष ठेवायचं ठरवलं त्यांची तिसऱ्या रॅलीला परत तवा झाली. खेळताना डोकं ग्रिपचा विचार करत नाही हो, करूच शकत नाही.

दुसरं, फूल रॅकेटवर उडवत राहायचं, एकदा फोरहँडच्या बाजूने एकदा बॅकहँडच्या, आलटून पालटून. छोटी उडी, डोळ्याच्या उंचीपर्यंत. हात खांद्यातून हलवायचा नाही, फक्त कोपराखालचा हात उताणा-पालथा. पन्नास झाली की जरा उंच. यात एक लक्षात येईल, दोन्ही बाजूंनी फूल सरळ वर जातंय म्हणजे ग्रिप जागेवर आहे, एका बाजूने सरळ आणि दुसऱ्या बाजूने सारखं तिरकं पळतंय म्हणजे मूठ कुणीकडे तरी सरकलीय. हे मला कुठल्याही कोचपेक्षा प्रामाणिक वाटतं, फूल खोटं बोलत नाही.

मग मोकळ्या जागेत नुसता स्विंग, फूल नको. रॅकेट डोक्यामागून वर जाताना कड पुढे, आणि सगळ्यात उंच पोचता पोचता हात आत वळवून गटिंग समोर. वळणं थांबवायचं नाही, पुढे जाऊन तळहात बाहेरच्या बाजूला बघायला लागला पाहिजे. डोळे मिटून करा आणि कान द्या. कडेने जाताना आवाज बारीक असतो, गटिंग उघडतं तिथे 'सूं' असा मोठा आवाज येतो. तो आवाज डोक्यावर, किंचित पुढे आला पाहिजे. पाठीमागेच येत असेल तर तुम्ही फार लवकर उघडताय. अख्ख्या स्विंगभर एकसारखा जाड आवाज येत असेल तर परत तवा धरलाय, बघा हाताकडे.

त्यानंतर भिंत. भिंतीपासून दोनेक मीटरवर उभं राहून हलक्या हाताने फोरहँड-बॅकहँड ड्राईव्ह, फूल जुनं घ्या, चांगलं वाया घालवू नका. इथे वेग वाढला की मूठ आवळली जाते, तो तुमचा पहिला इशारा. आवळली की वेग कमी करायचा, जिंकायचं कुणाला आहे भिंतीशी.

आता एक गोष्ट जी कुणी बघतच नाही, मुठीची जाडी. रॅकेटवर जी ४, जी ५ असं लिहिलेलं असतं, योनेक्ससारख्या कंपन्यांमध्ये आकडा मोठा तेवढी मूठ बारीक, म्हणजे जी ५ ही जी ४ पेक्षा बारीक. आपण काय करतो, कंपनीची मूळ ग्रिप असतेच, तिच्यावर एक ओव्हरग्रिप, म्हणजे वरून गुंडाळायची पातळ पट्टी, ती खराब झाली की न काढता वर दुसरी. ओव्हरग्रिप एक साधारण ०.६ मिलिमीटरची असते पण गुंडाळताना थर एकमेकांवर चढतात, आणि बघता बघता मूठ दंडुक्यासारखी होते. तिच्या आठ बाजू बोटाला लागतच नाहीत, मग पट्टी कुठली ते कळणार कसं आणि बोटात फिरणार कशी. दुसऱ्या टोकाला फार बारीक मूठ असली तर ती हातात फिरत राहते आणि आपण भीतीने आवळतो. धरल्यावर मधल्या बोटाचं टोक आणि अंगठ्याखालचा मांसल भाग यात थोडी फट राहिली पाहिजे. टोक तळव्यात रुतत असेल तर बारीक, फार लांब राहत असेल तर जाड. ज्यांची बोटं आखूड आहेत त्यांनी मूळ ग्रिप काढून त्यावर एकच ओव्हरग्रिप लावून बघावी, मी तसंच खेळतो. घाम खूप येत असेल तर टॉवेल ग्रिप छान, फक्त ती जाड असते हे धरून मूळ मूठ बारीक घ्या. आणि ग्रिप गुळगुळीत झाली की बदला, निसटणारी मूठ माणसाला आवळायलाच शिकवते, यात कंजुषी करून उपयोग नाही.

मूठ वर धरायची का खाली हेही विचारतात. मागे खेळताना खाली, लांबी मिळते. पुढे नेटवर किंवा वेगाच्या ड्राईव्हमध्ये बोटभर वर, रॅकेट चटकन वळते. एवढंच, यात फार खोलात जाण्यासारखं काही नाही.

सामन्यांचं काय करायचं हा खरा अवघड भाग आहे. चार दिवस खेळता म्हणताय, त्यातले दोन दिवस पहिला महिनाभर फक्त सरावाला द्या आणि ज्यांच्याशी हरलं तरी चालतं अशांनाच सामन्याला घ्या. मधल्या काळात तुम्ही आधीपेक्षा वाईट खेळाल, फुलं फ्रेमला लागतील, आणि सोबतचे म्हणतील अरे आधीचंच बरं होतं. नेमकं एकोणीस-वीसवर आलं की हात चोरून तव्यावर जाईल, तो जाणारच, पॉइंट झाल्यावर परत घरी आणायचा. मी रॅलीनंतर दर वेळी रॅकेट डाव्या हातात घेऊन पुन्हा शेकहँड करायचो, लोक हसायचे. हळूहळू ते आपोआप व्हायला लागतं आणि कधी झालं ते कळतही नाही. साध्या फोरहँडला मुलांना तीन-चार आठवडे लागतात असं मी बघितलंय, मोठ्यांना दोन-तीन महिने, आणि बॅकहँडचा अंगठा सगळ्यात उशिरा बसतो.

शेवटचं तुमच्या कोपराचं. मनगट वर उचलणारे जे स्नायू आहेत ते कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाला चिकटलेले असतात, मूठ आवळली की तेही ताणून राहतात, आणि वर मनगटाने झटके दिले की तिथेच बोंब होते. टेनिस एल्बो म्हणतात त्याची सुरुवात अशी असू शकते. आधी आठ-दहा दिवस स्मॅश आणि मागचा बॅकहँड पूर्ण बंद ठेवा, फक्त वरचे बसून करायचे प्रकार आणि हलकं फूल उडवणं, तेही दुखलं तर नाही. गटिंग फार टाईट केलेलं असेल तर पुढच्या वेळी एक-दोन पौंड कमी करून घ्या, नवीन हाताला तारांच्या जास्त ताणाचा फायदा नसतोच. एवढ्याने कमी झालं तर ग्रिपचंच होतं समजा. पण पाण्याने भरलेला ग्लास उचलताना किंवा दाराची कडी फिरवताना कळ येत असेल, किंवा न खेळताही रात्री ठणकत असेल, तर माझं उत्तर वाचत बसू नका, आधी फिजिओला दाखवा, ग्रिप पंधरा दिवसांनी बदलली तरी काही बिघडत नाही.